पहिला कॉम्प्युटर, भाग ५ : पिन वाकली तर?

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये प्रोसेसर ठेवून बाजूची दांडी खाली दाबली की करकर असा आवाज येतो. दांडी सहजासहजी खाली जातही नाही, अंगठ्याने चांगला जोर द्यावा लागतो. हजारो रुपयांचा प्रोसेसर, त्याच्याखाली १७०० नाजूक पिना आणि वर हा आवाज! पहिल्यांदाच कॉम्प्युटर जोडणाऱ्याला इथेच घाम फुटतो. मग दांडी परत वर घेतली जाते, प्रोसेसर उचलून खाली वाकून बघितलं जातं, पुन्हा ठेवला जातो. वास्तविक त्या आवाजाने काहीही बिघडत नाही. पिना वाकतात त्या या उचल-ठेवीत. प्रोसेसर बोटांतून निसटतो, कोपऱ्यावर पडतो आणि चार-सहा पिना आडव्या होतात.

आवाजाचं कारण साधं आहे. प्रत्येक पिन ही एक छोटी स्प्रिंग असते आणि त्या सगळ्यांना एकदम दाबून धरायचं, तर वरच्या धातूच्या पट्टीला जोर लावावाच लागतो. प्रोसेसरच्या कडेच्या खाचा सॉकेटमधल्या उंचवट्यांवर बसल्या आणि कोपऱ्यातला त्रिकोण खुणेशी जुळला, की दांडी निर्धास्तपणे दाबावी. त्याच वेळी वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण टपकन उडतं. ते कचऱ्यात टाकू नये. बोर्ड वॉरंटीत परत पाठवताना हे झाकण लावलेलं असावं, अशी अट काही कंपन्या घालतात. वाकलेल्या पिनांना मात्र वॉरंटीत सहसा थारा नाही. ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा पडला की विषय संपतो.

गेल्या आठवड्यात सुटे भाग निवडून झाले. या भागात प्रत्यक्ष जोडणी, आणि तिच्याइतकीच तिची धास्तीही.

पिना कुणाच्या अंगावर असाव्यात, याबद्दल इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांची मतं बरीच वर्षं वेगळी होती. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणून पिना प्रोसेसरवरून काढल्या आणि मदरबोर्डवर नेल्या. एएमडीने डेस्कटॉपच्या रायझनसाठी तेच केलं ते थेट २०२२ मध्ये, १७१८ पिनांच्या एएम ५ सॉकेटसोबत. मधल्या एएम ४ च्या काळात १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असत, आणि तिथला नेहमीचा अपघात बसवताना नव्हे, काढताना व्हायचा. थर्मल पेस्ट सुकून कूलर प्रोसेसरला चिकटतो. कूलर सरळ वर ओढला, की दांडी बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो. हे टाळण्याची युक्ती जुन्या कारागिरांना पाठ असते. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळायचा आणि सुटल्यावरच उचलायचा. एएम ४ चे प्रोसेसर आजही विकले जातात, त्यामुळे ही युक्ती कालबाह्य झालेली नाही.

एके काळी मात्र या धास्तीला भक्कम आधार होता. १९९५ मध्ये एटीएक्स रचना येण्यापूर्वी मदरबोर्डला वीज पुरवणाऱ्या पी ८ आणि पी ९ या दोन वेगळ्या जोडण्या शेजारी-शेजारी बसवाव्या लागत. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकत्र यायला हव्यात, हा नियम. अदलाबदल झाली तर बोर्ड जळायचा. एटीएक्सने त्या जागी एकच जोडणी आणली, जी उलटी बसतच नाही. उष्णतेचंही तेच. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरचा कूलर काढून दाखवला होता. एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर सोडत जळाला. इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि चालू राहिला. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर पेंटियम ४ च्याच वाटेने जातात. कूलरखालची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली, तर तापमान ९५ ते १०० अंशांवर पोहोचतं, वेग आपोआप उतरतो आणि फारच तापलं तर मशीन स्वतःहून बंद पडतं. फिल्म काढायची, पेस्ट नव्याने लावायची, झालं.

पेस्ट किती लावायची, यावर लोक हिरिरीने भांडतात. वाटाण्याएवढा थेंब पुरतो. थोडी जास्त झाली तरी नेहमीच्या पेस्टमधून वीज वाहत नाही, ती फक्त कडेने बाहेर येऊन घाण करते. ‘द व्हर्ज’ या संकेतस्थळाने २०१८ मध्ये कॉम्प्युटर जोडण्याचा एक व्हिडिओ काढला होता. त्यातली भरमसाट पेस्ट आणि इतर चुका यांची जगभर इतकी टिंगल झाली, की तो मागे घ्यावा लागला. नवख्यांच्या मनात बसलेली निम्मी भीती नुकसानीची नसून अशा टिंगलीची असावी.

आता भ्यायलाच हवं अशी चूक. मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, केबली सुट्या येतात. हार्ड डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूचं मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही वेगळं. तरी एकाची केबल दुसऱ्यात बिनबोभाट बसते. जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे १२ जातात आणि बटण दाबल्याबरोबर डिस्क मरते. म्हणून जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नयेत, मित्राकडून उसन्याही आणू नयेत. बोर्ड पुन्हा विकत मिळतो. जुन्या डिस्कवरचे मुलीच्या बारशाचे फोटो मिळत नाहीत.

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफही याच रांगेतले. मदरबोर्डला जिथे भोक नाही, तिथे एखादा स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होऊ शकतो. बोर्ड आत ठेवण्यापूर्वी भोकं मोजावीत.

आणि ग्राफिक्स कार्डाची ती बदनाम जोडणी. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि त्याची १२ व्हीएचपीडब्ल्यूआर जोडणी वितळल्याचे फोटो फिरू लागले. जगभरात सुमारे ५० प्रकरणं कळली असून जोडणी पूर्ण आत न बसणं हे त्यातलं मुख्य कारण दिसतं, असं एनव्हिडियाने पुढच्याच महिन्यात सांगितलं. गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनेलच्या चाचण्यांतही अर्धवट बसवलेली जोडणी हेच मोठं कारण निघालं. नंतरच्या सुधारित जोडणीत छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे ती पुरती न बसल्यास वीजच मिळू नये. तरीही २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० बाबत तशाच तक्रारी आल्या. ६०० वॅटपर्यंतचा भार एवढ्याशा जागेतून नेताना फारशी मोकळीक ठेवलेली नाही, तेव्हा सगळा दोष ग्राहकाच्या अंगठ्यावर ढकलणं पटत नाही. खबरदारी मात्र ग्राहकालाच घ्यावी लागते : जोडणी आणि कार्ड यांमध्ये फट दिसू नये आणि तार लगेच वळवू नये.

बाकी ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार घेऊन लॅमिंग्टन रोडच्या दुकानात धावणाऱ्यांच्या मशीनमध्ये पुष्कळदा काहीच जळालेलं नसतं. एसएमपीएसच्या मागचं बटण बंद असतं. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वीजजोडणी राहून गेलेली असते. रॅम एका बाजूने ‘खट्’ झालेली असते, दुसऱ्या बाजूने नाही. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावलेली असते, आणि इंटेलचा प्रोसेसर १२४००एफसारखा ‘एफ’वाला असला, तर त्यात चित्र दाखवण्याची सोयच नसते. डीडीआर ५ रॅमचा प्रकार सर्वांत फसवा. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची जुळवणी करत बसतो आणि काही मिनिटं पडदा काळा राहतो, विशेषतः एएम ५ वर. घाबरून मधेच वीज तोडली की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा चार बारीक दिव्यांची ओळ असते. कोणता दिवा पेटून राहिला आहे ते पाहिलं, तर दुकानाची फेरी बहुधा वाचते.

राहिली स्थिर वीज. माणसाला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला. त्याहून कमी दाबानेही चिपला इजा होऊ शकते, म्हणजे चटका बसला नाही यावर विसंबता येत नाही. पावसाळ्यातल्या रत्नागिरीत हवा इतकी दमट असते, की हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. कोरड्या हवेतल्या नागपुरात, नायलॉनचे कपडे घालून, सतरंजीवर बसून काम करणाऱ्याने मात्र जपावं. उपाय असा सांगतात : एसएमपीएसची केबल भिंतीच्या पॉइंटला लावावी, दोन्ही बटणं बंद ठेवावीत आणि एसएमपीएसच्या रंग न लावलेल्या धातूला अधूनमधून हात लावावा.

पण हा उपाय अर्थिंग असेल तरच लागू पडतो. अनेक जुन्या घरांत तीन भोकांचा पॉइंट असतो आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि नवखा समजतो, आपल्या हातून काहीतरी चुकलं. चूक त्याची नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरांतून २३० च्या निम्मा दाब कॅबिनेटवर येतो आणि जमिनीकडे जायला वाट नसल्याने तिथेच राहतो. प्रवाह अगदी थोडा असला, तरी अशा पॉइंटवर कॉम्प्युटर चालवू नये. पुढच्या आठवड्यात बायोस आणि विंडोज पाहू. त्याआधी वायरमनला बोलावून ते तिसरं भोक तेवढं तपासून घ्यावं.