रशियन वस्तू मोडतच नाहीत?

करमाडच्या आमच्या वर्गात गोष्टींचं एक जुनं रशियन पुस्तक आहे. भाषा मराठी, पण छपाई मॉस्कोची! पुठ्ठा जाड, शिवण घट्ट. किती मुलांनी हाताळलं, पण एक पान सुटलं नाही. ते पाहून एकानं विचारलं, "बाई, रशियाच्या वस्तू मोडतच नाहीत का हो?"

प्रश्न झकास! उत्तरासाठी चला नाशिकजवळच्या ओझरला. तिथं १९६४ साली सोव्हिएत संघाच्या मदतीनं मिग-२१ विमानांचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यानं सहाशेच्या वर मिग-२१ हवाई दलाला दिली. बांधणी साधी अन् दणकट, वेग आवाजाच्या दुप्पट! १९७१ च्या युद्धात या विमानांनी पराक्रम गाजवला. १९६३ साली हवाई दलात आलेलं मिग-२१ निवृत्त झालं २६ सप्टेंबर २०२५ रोजी. तब्बल ६२ वर्षं सेवा!

मग वस्तू पक्की म्हणायची ना? थांबा. या विमानाचे अपघातही पुष्कळ झाले. पुण्याच्या कविता गाडगीळ यांचा वैमानिक मुलगा अभिजित २००१ साली अशाच अपघातात गेला. सगळा दोष वैमानिकाच्या माथी मारू नका, विमानाकडेही बघा, असं ही आई जाहीरपणे सांगत राहिली.

अपघात का होत? कारणं अनेक. इंजिन एकच, ते बंद पडलं तर दुसरं नाही. उतरायला येतानाही वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तसं सुटे भाग मिळवणं जिकिरीचं झालं. शिवाय नवे वैमानिक संथ विमानावरून एकदम मिगवर येत. मधली पायरी ठरलेलं 'हॉक' विमान आपल्याकडे आलं २००८ साली.

म्हणजे बघा, वस्तू कारखान्यात चांगली बनली एवढ्यानं भागत नाही. तिची निगा, योग्य सुटे भाग, वापरणाऱ्याचं शिक्षण आणि 'आता पुरे' म्हणायची वेळ, हे सगळं सांभाळावं लागतं. पुस्तकाचं पान सुटलं तर खळ लावता येते. आकाशात ती सवड नसते.

आज घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा. ती कुणी बनवली हे विचाराच. पण इतकी वर्षं कुणी सांभाळली, हेही आजीला नक्की विचारा!