पाय वाचवणारी पहिली सुई

लावणी आटपली की दाखवू, गणपती झाले की दाखवू, असं करत मांडीतली गाठ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत वर्षभरही अंगावर काढली जाते. दुखत नाही, ताप नाही, कामाला अडत नाही. मग मुंबईचं तिकीट कशाला काढायचं? बहुतेकांना ही दिरंगाई पचतेही. स्नायू, चरबी, मज्जातंतू यांतून उगवणाऱ्या निरुपद्रवी गाठी घातक गाठींच्या शंभरपट तरी असतात आणि त्यांत चरबीची गाठ सर्वांच्या ओळखीची. घातक गाठीला, म्हणजे सार्कोमाला, मोठ्या माणसांच्या एकूण कर्करोगांत एक टक्क्याचाही वाटा नाही. पण तिचं आवडतं ठिकाण मांडी, आणि सुरुवातीला तीही दुखत नाही. गाठ 5 सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल, स्नायूंच्या आत खोल असेल किंवा काढून पुन्हा आली असेल, तर सुरी लावण्याआधी एमआरआय हवा.

मांडीत जागा मोठी दिसते, पण वाहतूक दाट. पुढून पायाची मुख्य धमनी आणि शीर जोडीने उतरतात. मागून सायटिक मज्जातंतू जातो, अंगठ्याएवढा जाड. गाठ यांच्याजवळ असली की आधी विचारायचं, ती मज्जातंतूचीच आहे की शेजारची?

मज्जातंतूच्या आवरणातून निघालेली श्वानोमा ही बहुधा सज्जन गाठ. बोटाने टिचकी मारली तर पावलापर्यंत मुंग्या येतात. ती आडवी सरकते, उभी सरकत नाही. शस्त्रक्रियेत भिंगाखाली पाहिलं तर मज्जातंतूचे धागे तिच्या पाठीवरून ताणून पसरलेले दिसतात. सर्जन सूक्ष्म विद्युतप्रवाहाचं टोक त्या पृष्ठभागावर टेकवत जातो. जिथे टेकवल्यावर पाऊल हलतं तिथे हात लावायचा नाही. जिथे काहीच हलत नाही तिथे उभा छेद देऊन गाठ आतून सोडवायची. त्यासाठी भूलतज्ज्ञाला स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाचा अंमल उतरू द्यावा लागतो, नाहीतर धागा जिवंत असूनही पाऊल गप्पच राहील.

सार्कोमाची गोष्ट वेगळी, आणि फसवी. वाढताना ही गाठ भोवतालचं मांस दाबत जाते आणि त्याचंच एक पातळ कवच तयार होतं. त्यामुळे बरक्या फणसाचा गरा सुटावा तशी ती बोटाने सुटून हातात येते. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. पण त्या कवचात आणि कवचापलीकडेही पेशी राहिलेल्या असतात. म्हणून सार्कोमा दिसू न देता, भोवतीच्या निरोगी मांसाच्या थरासकट काढायचा असतो.

हा थर धमनीच्या बाजूला कुठून आणायचा? पूर्वी उत्तर सोपं होतं: पायच काढा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 43 रुग्णांवर तुलना करून 1982 मध्ये निष्कर्ष छापले. अवयव राखून किरणोपचार दिलेल्या 27 जणांपैकी चौघांना त्याच जागी गाठ परत आली, अवयव काढलेल्या 16 जणांत कुणालाच नाही. तरी जगण्यात ठळक फरक पडला नाही. रुग्ण थोडे होते, पण विचाराची दिशा बदलली.

सार्कोमा बहुधा धमनीला आणि मज्जातंतूला ढकलतो, लगेच आत शिरत नाही. म्हणून त्यांचं पातळ बाह्य आवरण सोलून गाठीबरोबर जाऊ देतात आणि उरलेल्या पेशींचा बंदोबस्त किरणांवर सोपवतात. शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे किरण दिले तर मात्रा कमी पुरते. मात्र जखम चिघळण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. फुकट काहीच नाही. गाठीने धमनीला वेढलंच असेल तर तो तुकडा कापून दुसऱ्या पायातली वरवरची लांब शीर तिथे जोडतात, तीही उलटी करून, कारण तिच्यातल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. रक्तवाहिन्या शिवण्याची ही विद्या अॅलेक्सिस कॅरेल यांची. 1912 चं नोबेल त्यांना मिळालं. सायटिक मज्जातंतू गेला तरी घोट्याला आधाराची पट्टी लावून माणूस चालतो. पण तळव्याची जाणीव जाते, आणि कातळावर अनवाणी फिरणाऱ्याला काटा रुतलेला कळत नाही.

ही कारागिरी परळच्या टाटा रुग्णालयात चालते. तिचं यश मात्र बरंचसं रत्नागिरीतच ठरून जातं, असं माझं मत. तपासणीसाठी सुई जिथून आत जाते तो मार्गही दूषित धरून नंतर गाठीसकट काढावा लागतो. सुई पुढच्या छेदाच्या रेषेत गेली तर प्रश्न नाही. पण कुणी मांडीवर आडवी चीर दिली, किंवा सुई धमनीच्या अंगाने घातली, तर वाचवायच्या भागातच पेशी सांडतात. म्हणून जो पुढे ऑपरेशन करणार, त्याच्याशी बोलूनच सुई घालावी.

जिल्ह्यात सोयी वाढताहेत. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या जोडीने टाटाने गावोगाव कर्करोग तपासणी केली आहे. रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण तपासणीचा रोख तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखावर असतो, आणि ते योग्यच आहे. मांडीतली गाठ त्या यादीत नाही. ती पहिल्यांदा दिसते गावच्या डॉक्टरला.

आणि चरबीची म्हणून गाठ काढून झालीच असेल, तर ती टाकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवावी. अहवाल सार्कोमाचा आला तरी सगळं संपत नाही. जुन्या व्रणासकट तो भाग पुन्हा, अधिक रुंद काढतात, कधी त्यावर दुसरीकडची कातडी बसवतात, आणि पाय बहुतेकदा राहतो. मुंबईला जाताना फक्त अहवालाचा कागद पुरत नाही. मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्सही लॅबमधून मागून घ्याव्यात, कारण तिथले तज्ज्ञ त्या स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.