काय झालं, तेवढंच सांगा

आपल्याकडे विपश्यना म्हटलं की इगतपुरी. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, 1976 मध्ये धम्मगिरी सुरू झालं आणि दहा दिवसांचं मौन मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीचं झालं. प्रत्येकाचा एखादा मेहुणा तरी जाऊन आलेला असतोच. तिथे श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहायच्या. मनात नाव, मंत्र, शब्द काही आणायचं नाही. ब्रह्मदेशातली दुसरी मोठी परंपरा, महासी सयाडोंची (सयाडो म्हणजे गुरुस्थानी असलेले ज्येष्ठ भिक्खू), मात्र शब्दाचं बोट धरूनच चालते. जे घडतंय त्याचं मनातल्या मनात नाव घ्यायचं, सोडायचं, पुढचं धरायचं. ही पद्धत मी यांगूनला शिकले, बहान भागातल्या महासी केंद्रात. श्वेडगॉनचा सोनेरी पॅगोडा तिथून जवळच आहे.

पहिली सूचना ऐकून कुणालाही वाटेल, एवढ्यासाठी का विमानाचं तिकीट काढलं! पोटाकडे लक्ष द्या. श्वास आत येताना पोट फुगतं, तेव्हा मनात म्हणा ‘फुगतंय’. बाहेर जाताना बसतं, तेव्हा ‘बसतंय’. भाषा कोणतीही चालते. बर्मी बायका बर्मीत म्हणतात, शेजारची कोरियन बाई कोरियनमध्ये, मी मराठीत. दुसरं काही आलं, खाज, आवाज, विचार, तर त्याची नोंद घ्यायची आणि पोटाकडे परत यायचं. झालं शिकवून.

अवघड जातं ते वेळ साधणं. शब्द आधी आला की पोट त्याच्या हुकमावर हलायला लागतं. श्वास मग आपला राहत नाही, कवायतीचा होतो. शब्द मागून आला की आपण आठवण टिपत असतो. फुगणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत लक्ष त्याच्या सोबत असलं पाहिजे आणि शब्द त्यावर हलकेच टेकलेला. बसणं संपून पुढचं फुगणं सुरू होईपर्यंत मध्ये एक फट असते, आणि मन हमखास तिथूनच पळतं. म्हणून तिथे ‘बसलेय’ किंवा ‘स्पर्श’ अशी जास्तीची नोंद भरायला सांगतात. स्पर्श म्हणजे मांडी जमिनीला टेकते तो. सगळ्यात फसवी अवस्था मात्र वेगळीच. ‘फुगतंय, बसतंय’ आत अगदी सुरळीत चालू असतं आणि मन दादरला भाजी घेत असतं. शब्दांची गिरणी रिकामीही चालते.

पोटच का, ह्यावरून वादही झाला. 1950 च्या दशकात श्रीलंकेतल्या काही विद्वान भिक्खूंनी ही पद्धत शास्त्राला धरून नाही असा आक्षेप घेतला. आनापानात श्वास नाकाशी पाहायचा असतो, पोटाशी नव्हे. महासींच्या बाजूचं उत्तर असं की हे आनापान नव्हेच. पोटाची हालचाल म्हणजे वायुधातू, आणि चार धातूंचं निरीक्षण सतिपट्ठान सुत्तातच सांगितलेलं आहे. मला हे उत्तर पटतं. पण मुद्दा शास्त्रापेक्षा सोयीचा होता असंही वाटतं. नाकाशी श्वास सूक्ष्म होत होत हरवतो, पोट ठसठशीत असतं. आधी दीर्घ समाधी साधा, मग विपश्यना, ही अटही महासींनी सोडून दिली. त्यामुळे कारकून, दुकानदार, घर चालवणाऱ्या बायका काही आठवड्यांची सवड काढून थेट बसू शकल्या.

महासींचा जन्म 1904 चा, श्वेबोजवळच्या सेइखून गावचा. तिथल्या मठात एक भलामोठा ढोल होता. त्यावरून मठाला आणि मठावरून त्यांना हे नाव पडलं. थटोनच्या मिंगुन जेतवन सयाडोंकडे ते ही साधना शिकले. देश 1948 मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान ऊ नू आणि सर ऊ थ्विन ह्यांनी त्यांना यांगूनला आणलं. बोधगयेच्या मंदिराची व्यवस्था पाहणारे बंगाली बौद्ध अनागारिक मुनींद्र 1957 मध्ये त्यांच्याकडे गेले आणि 1966 मध्ये परत आले, ते ही पद्धत घेऊन. त्यांच्याच शिष्या दीपा मा. कोलकात्यातल्या लहानशा घरात त्यांनी गृहिणींना घरकाम करता करता सराव शिकवला.

केंद्रात पहाटे तीनला उठवतात. आठ शीलं घ्यायची, बायकांनी तपकिरी लौंजी (लुंगी), पांढरा ब्लाऊज आणि वर तपकिरी उपरणं. दुपारी बारानंतर अन्न नाही. एक तास बसणं, एक तास चालणं, पुन्हा बसणं, असं रात्रीपर्यंत.

चालण्याला नवखे लोक मधली सुट्टी समजतात. खरं काम तिथेच उघडं पडतं, कारण पाय पोटापेक्षा ढोबळ आहे, त्याला लपता येत नाही. आधी नुसतं ‘डावा, उजवा’. मग ‘उचलणं, ठेवणं’. मग ‘उचलणं, नेणं, ठेवणं’, आणि वेग इतका उतरतो की व्हरांड्याचं एक टोक गाठायला कितीतरी वेळ लागतो. उचलताना पाय हलका होत जातो, ठेवताना जड. टाच सुटताना पोटरीत ताण येतो, तो पाऊल हवेत गेलं की नाहीसा होतो. तळवा टेकतो तेव्हा आधी गार लागतं, मग टणक. ‘पाय’ असं काही त्यात सापडतच नाही. हलकं, जड, ताण, गार, टणक, एवढंच एकामागून एक येत राहतं. टोकाला गेल्यावर ‘थांबणं’, ‘उभं’, आणि वळण्याआधी ‘इच्छा’. ही इच्छा कित्येक दिवस माझ्या हाती लागली नाही. मग एकदा लागली. वळायचं मनात येतं, आणि त्यानंतर, अगदी निमिषभराने, टाच फिरते.

जेवणातही हेच. साडेदहाच्या सुमाराला पंगत बसते. अन्न दात्यांनी दिलेलं. कधी ते कुटुंबच आलेलं असतं, आजी, नातवंडं सगळी, आणि आपण जेवताना ती मंडळी भक्तिभावाने बघत बसतात. त्यांच्यासमोर ‘बघणं, हात नेणं, धरणं, उचलणं, तोंड उघडणं, ठेवणं, चावणं’ करताना आधी फार अवघडायला होतं. (‘अवघडणं’ म्हणून त्याचीही नोंद.) नीट टिपलं तर एक गोष्ट दिसते. चव पहिल्या चार-पाच चावण्यांपुरतीच असते, आणि पुढचा घास घ्यायला हात निघतो तो पहिला गिळायच्या आतच. म्हणजे आपण बहुतेक वेळ पुढचा घास जेवत असतो.

पण हे सगळं मुलाखतीशिवाय वाया जाईल असं माझं मत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मौन हाच ह्या शिबिराचा कणा. मला तो मुलाखतीत दिसला. थोड्या थोड्या दिवसांनी भिक्खूंसमोर जायचं, तीनदा नमस्कार करायचा आणि थोडक्यात सांगायचं. क्रम ठरलेला: आधी पोट, मग चालणं, मग बाकीचं. प्रत्येक गोष्टीचे तीन भाग. काय घडलं, त्याची नोंद कशी घेतली, नोंद घेतल्यावर त्याचं काय झालं. वाढलं, टिकलं की गेलं?

आमची मुलाखत परदेशी साधकांच्या गटात, दुभाष्यामार्फत व्हायची. एक वयस्कर गृहस्थ खूप वाचून आलेले. त्यांनी सांगितलं, ‘मला सगळ्याची अनित्यता जाणवली, मन अतिशय शांत झालं.’ सयाडोंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पोट फुगताना काय कळलं?’ गृहस्थ पुन्हा अनित्यतेवर आले. सयाडो पुन्हा पोटावर. तिसऱ्यांदा ते म्हणाले, ‘थोडं ताठरल्यासारखं होतं.’ ‘हं. सुरुवातीला की शेवटी?’ तिथून पुढे पाच मिनिटं ताठरपणावरच बोलणं झालं, आणि सयाडो पहिल्यांदाच सावरून बसले. क्रिकेटचा स्कोअरर आणि समालोचक ह्यांतला फरक तो हाच. त्यांना चेंडूगणिक वही हवी होती, सामन्याचं वर्णन नको होतं.

ह्या काटेकोरपणाला कारण आहे. परंपरेत विपश्यनेच्या सोळा पायऱ्या मानतात, त्यांना ञाण, म्हणजे ज्ञान, म्हणतात. काहींत आनंद, प्रकाश. काहींत भीती, उबग, सगळं सोडून पळावंसं वाटणं. साधक कुठे आहे हे शिक्षक त्याच्या सांगण्यावरून ताडतात आणि बहुतेक वेळा त्याला सांगत नाहीत. कारण कळलं की माणूस पुढच्या पायरीची वाट बघायला लागतो, आणि वाट बघणाऱ्याच्या अहवालात ती पायरी दिसायलाही लागते. ज्या विसुद्धिमग्गात ह्या ज्ञानांचा विस्तार आहे, त्याची हार्वर्डची पाली आवृत्ती अमेरिकन अभ्यासक वॉरन ह्यांच्यानंतर आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी हातावेगळी केली. ती 1950 मध्ये छापून आली तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षं झाली होती. केंद्रात असताना मात्र तो ग्रंथ मिटून ठेवलेलाच बरा. वाचन-लेखनाला तिथे मनाई असते, तिचा अर्थ मला त्या गृहस्थांच्या मुलाखतीनंतर कळला.

मुलाखतीतल्या ह्या काटेकोरपणाचा एक गमतीदार परिणाम असा की बसल्या बसल्या मन अहवाल रचायला लागतं. गुडघा ठणकत असतो आणि आत वाक्यं जुळत असतात: आधी जळजळ होती, मग ओढ, मग टोचणी. मी हे सयाडोंना सांगितलं तेव्हा ते हसले. दुभाष्याने सांगितलं, ‘रचणं, रचणं, अशी नोंद घ्या.’ घेतली, तर वाक्यं थांबली आणि गुडघा उरला. त्यात ‘दुखणं’ नावाचा गोळा नव्हता. जळजळ एका जागी, ओढ तिच्याखाली, आणि मधूनच नाडीसारखे ठोके. ते कमी व्हावेत म्हणून नोंद घेत असलो तर ती चीड झाली, तिची वेगळी नोंद. अशा बसण्यातून ‘मनःशांती’ मिळेल म्हणून येणाऱ्यांनी आधी गुडघ्याची तयारी करावी, हे माझं प्रामाणिक मत.

सराव मुरला की गोष्टी इतक्या भराभर येतात की शब्द मागे पडतात. ‘फुगतंय’ म्हणेपर्यंत त्या एका फुगण्यात पाच-सहा बारीक धक्के येऊन गेलेले असतात. तेव्हा शिक्षक म्हणतात, शब्द सोडा, नुसतं जाणा. मन भरकटलं की पुन्हा शब्द धरा. कधी सोडायचं आणि कधी धरायचं हे साधकाने स्वतः ठरवायचं नसतं, निदान सुरुवातीला तरी. म्हणून मी विचारलं, शब्द सुटले तर मुलाखतीत सांगायचं कशाने? सयाडोंनी दुभाष्याकडे न पाहता इंग्रजीतच उत्तर दिलं: सुटले तेव्हा काय कळलं, ते सांगा. आणि पुढच्या साधकाला बोलावलं.