दुरुस्तीचे दोन मार्ग : कर्करोगाची पेशी उपचारांतून कशी सावरते?

औषधोपचार साहाय्यता निधीचा हिशेब बारकाईने वाचणारे देणगीदार आम्हांस एक प्रश्न नेहमी विचारतात. औषधाचा खर्च समजतो. परंतु औषध सुरू होण्यापूर्वीच जनुकीय तपासणीवर खर्च कशासाठी? रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रश्न निराळा असतो. पहिल्या वेळी केमोथेरपीने गाठ विरघळली होती, मग आता तेच औषध लागू का पडत नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी सापडते. आम्ही वाणिज्य शाखेचे. कर्करोग विभागातील डॉक्टरांनी समजावून दिले तेव्हा कुठे आमच्याच वहीतील या खर्चाचा अर्थ आम्हांस उमगला. तो येथे सांगत आहोत.

पेशीच्या केंद्रकातील डीएनए हा दोन पेडांच्या दोरासारखा असतो. तंबाखूचा धूर, क्ष-किरण यांनी त्याची हानी होतेच; परंतु बाहेरून काहीही अपाय न होता, केवळ पेशीतील पाणी व प्राणवायू यांच्यामुळेही एकेका पेशीच्या डीएनएमध्ये रोज हजारो ठिकाणी बिघाड होत असतात. तरीही आपण धडधाकट राहतो, याचे श्रेय पेशीतील दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमांना आहे. एन्झाइम म्हणजे पेशीतील एखादे ठरावीक काम घडवून आणणारे प्रथिन. या दुरुस्तीचा उलगडा करणारे टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

किरणोपचार, तसेच सिस्प्लाटिन व कार्बोप्लाटिन ही औषधे कर्करोगाच्या पेशीचा डीएनए हेतुपुरस्सर बिघडवितात. किरणोपचार एकदम न देता रोज थोडे थोडे का देतात, असे दूरच्या गावाहून येणारे नातेवाईक विचारतात. निरोगी पेशींना मधल्या वेळात दुरुस्तीस अवधी मिळावा, हे त्याचे एक मोठे कारण आहे. अडचण अशी की, दुरुस्तीची हीच एन्झाइमे कर्करोगाच्या पेशीपाशीही असतात. ज्या पेशी झालेली हानी भरून काढतात त्या तगतात, वाढतात, आणि पुढच्या खेपेस तेच औषध अपुरे पडते.

दुरुस्तीचे मार्ग अनेक आहेत, पण येथे दोनच महत्त्वाचे. दोराचा एकच पेड तुटला तर पार्प नावाचे एन्झाइम तेथे पोहोचते व इतर प्रथिनांना कामाला बोलावते. दोन्ही पेड तुटले तर बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांपासून बनणारी प्रथिने अचूक जोडणी घडवून आणतात. अंडाशयाच्या व स्तनाच्या काही कर्करोगांत हा दुसरा मार्ग बंद पडलेला असतो. अशी पेशी पार्पवर विसंबून राहते. मग पार्पलाच अडविले तर? अडविलेले पार्प डीएनएला चिकटून बसते, पेशी विभाजनाच्या तयारीला लागताच तेथे दोन्ही पेड तुटतात, आणि ते जोडण्याची सोय नसल्याने पेशी मरते. ब्रिटनमधील दोन संशोधक गटांनी २००५ साली हे प्रयोगशाळेत दाखवून दिले. त्यावर आधारित ओलापारिब या गोळीला डिसेंबर २०१४ मध्ये युरोप व अमेरिका येथे मान्यता मिळाली. निरोगी पेशींचा दुसरा मार्ग शाबूत असल्याने त्या बऱ्याच अंशी बचावतात. तरीही रक्तक्षय, मळमळ, थकवा हे त्रास होतात, म्हणून रक्ततपासणी वरचेवर करावी लागते.

आता तपासणीचे कारण ध्यानी येईल. बीआरसीए जनुकात दोष असल्यास या गोळीचा लाभ सर्वाधिक होतो. गोळी महाग आहे, ती महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि आपण दिलेला पैसा ज्याला खरा उपयोग होईल त्याच्यासाठी खर्च व्हावा, असे आम्हांस वाटते.

जन्मजात दोष आढळला तर गोष्ट एका रुग्णापुरती राहत नाही. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात, मग तो मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. "मुलींची लग्ने व्हायची आहेत, ही तपासणी नको," असे म्हणणारी कुटुंबे असतात. त्यांची भीती आम्ही जाणतो. मात्र दोष आधी कळला तर वेळच्या वेळी तपासण्या करून पुष्कळ काही करता येते, आणि अहवाल संबंधितांखेरीज कोणासही दिला जात नाही, एवढे त्यांना सांगावेसे वाटते.

ही गोळीही कायमची पुरत नाही. काही रुग्णांत कर्करोगाच्या पेशीतील सदोष जनुकात नवा बदल होऊन ते पुन्हा काम करू लागते. बंद पडलेला मार्ग उघडतो आणि आजार उलटतो. अशा वेळी डॉक्टर गाठीचा किंवा रक्ताचा नमुना पुन्हा तपासावयास सांगतात. साहाय्यता निधीच्या यादीत एकाच रुग्णाच्या नावे ही तपासणी दोनदा नोंदलेली दिसली, तर ती हिशेबातील चूक समजू नये.