कडेवर घेतलेलं मूल डोक्यावर बसत नाही

घरात बाळ आलं की सल्ल्यांची रीघ लागते. मालिश कशी करावी हे सांगणारी माणसं बाळाच्या मनाबद्दलही तितक्याच ठामपणे बोलतात. त्यातल्या चार समजुती तपासून पाहू.

गैरसमज : पोट भरलंय, दुपटं कोरडं आहे, तरी रडतंय. उचललं तर सवय लागेल.

वस्तुस्थिती : जवळ घेणं हीसुद्धा भुकेइतकीच खरी गरज आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माकडांच्या पिल्लांपुढे दोन खोट्या ‘आया’ होत्या. एक तारेची, दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाची, बिनदुधाची. पिल्लं दुधापुरती तारेकडे जात आणि एरवी कापडालाच बिलगून बसत. घाबरली तरी धाव तिकडेच. माणसाचं बाळही आधी मोठ्यांच्या कुशीत शांत होतं आणि त्यातूनच हळूहळू स्वतःला सावरायला शिकतं.

गैरसमज : एवढ्याशा जिवाला काय कळतंय!

वस्तुस्थिती : बोलता येण्याच्या कितीतरी आधी बाळ चेहरे वाचतं. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एका प्रयोगात आयांना सांगितलं, बाळाशी हसा-बोला आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच उपयोग होत नाही असं दिसलं, की मान फिरवतं किंवा रडू लागतं. आई पुन्हा बोलू लागली की बाळही सावरू लागतं. म्हणून दिवसभर हसतमुख राहण्याचं ओझं पालकांनी घेऊ नये. तुटलेला धागा पुन्हा जोडणं जास्त मोलाचं.

गैरसमज : दुकानात लोळण घेतो, ही सगळी नाटकं. एक ठेवून दिली की सरळ होईल.

वस्तुस्थिती : आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला राग येतो, तो आवरण्याची ताकद अजून आलेली नसते. दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१६ च्या विश्लेषणात, मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहेच. पण न मारणं म्हणजे मागेल ते देणं नव्हे. “चॉकलेट हवं होतं, राग आला ना? पण आज नाही घ्यायचं,” एवढं शांतपणे सांगावं आणि रडं ओसरेपर्यंत जवळ थांबावं.

गैरसमज : मोबाइलवर गाणी लावली की मूल लवकर बोलतं.

वस्तुस्थिती : २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या अभ्यासात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली, तेच व्हिडिओवर पाहून शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

पालकही माणसंच आहेत, थकतात, ओरडतात. तसं झालं तर नंतर मुलाला जवळ घ्या आणि “मी ओरडलो, चुकलं माझं” असं सरळ सांगा. त्याने तुमचा मान कमी होत नाही, आणि चूक कशी निस्तरायची हे मूल तुमच्याकडूनच शिकतं.