उकळत्या झऱ्यातलं विकर थंडीत का आखडतं? (लेखांक 6)

गेल्या लेखांकात आपण प्रथिनाची घडी कशी बसते ते पाहिलं. ही घडी तापवली की मोडते. अंडं उकडताना त्याचा पांढरा भाग गोठतो तो त्यामुळेच. मग अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत जिवाणू जगतात कसे? टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी तिथल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं वर्णन 1969 मध्ये प्रसिद्ध केलं आणि 1976 मध्ये त्याचं डीएनएची नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं काढण्यात आलं. हे ‘टॅक’ विकर 95 अंश सेल्सिअसला निम्मं निकामी व्हायलाही सुमारे 40 मिनिटं लागतात. डीएनएच्या भरमसाट प्रती काढणाऱ्या कॅरी म्युलिसच्या पीसीआर पद्धतीत डीएनए दर फेरीला जवळपास एवढाच तापवावा लागतो. आधी वापरात असलेलं ई. कोलाय या साध्या जिवाणूचं विकर त्यात दर वेळी नासायचं आणि नवं घालत बसावं लागायचं. कोविडच्या काळात सर्वतोमुखी झालेली आरटी-पीसीआर चाचणी टॅकसारख्या विकरांच्या या चिवटपणावरच उभी आहे.

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, की उष्णतेतलं विकर म्हणजे साध्या विकराची सुधारलेली, दणकट आवृत्ती. माझ्या मते गफलत इथेच होते. विकराला घडी टिकवायची असते, तशीच ती थोडी हलवायचीही असते. पदार्थ आत घ्यायचा, त्यावर क्रिया करायची, तयार माल सोडायचा, हे सगळं ताठ बसून होत नाही. इझूच्या मिने या जपानी गरम झऱ्यातल्या थर्मस थर्मोफिलसचं एक विकर आणि ई. कोलायमधलं त्याचंच भावंड यांची तुलना हंगेरीतल्या संशोधकांनी 1998 मध्ये केली. प्रथिन जड पाण्यात ठेवलं, की त्याचे हायड्रोजन हळूहळू जड हायड्रोजनशी अदलाबदल करतात. घडी जितकी सैल, तितकी ही अदलाबदल लवकर. खोलीच्या तापमानाला थर्मसचं विकर स्पष्टपणे जास्त ताठ निघालं. आपापल्या कामाच्या तापमानाला मात्र दोघांची लवचीकता जवळपास सारखीच होती! म्हणजे जिवाणूने जपली ती कामापुरती ढिलाई, आणि घट्टपणा तिच्या हिशेबाने ठरला.

थंडीच्या टोकाला हेच उलट्या बाजूने दिसतं. तापमान 10 अंशांनी उतरलं, की बहुतेक विकरांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. अंटार्क्टिक समुद्रातल्या स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिसचं स्टार्च फोडणारं अमायलेज बेल्जियममधल्या लीएज विद्यापीठात जॉर्ज फेलर आणि शार्ल जेर्डे यांनी बारकाईने तपासलं. ते गोठणबिंदूजवळही बऱ्यापैकी वेगाने काम करतं, कारण त्याच्या घडीला धरून ठेवणारे बंध कमी आहेत. त्याची किंमतही चुकवावी लागते. त्याची घडी 44 अंशांच्या आसपास उलगडते, तर डुकराच्या स्वादुपिंडातल्या तशाच अमायलेजची 65 च्या पुढे. त्यातली खरी गंमत अशी, की अंटार्क्टिक विकराचं काम घडी मोडण्याच्या बरंच आधी थांबतं. सगळ्यात सैल असते ती क्रिया जिथे घडते ती खोबणच, आणि उष्णतेचा पहिला फटका तिलाच बसतो.

यावर एक जोरदार आक्षेप आहे. फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी प्रयोगशाळेत विकरांत बदल करत, निवड करत, 1998 मध्ये एका विकराची उष्णता सोसण्याची मर्यादा सुमारे 14 अंशांनी वाढवली, आणि थंड तापमानातला त्याचा वेगही कमी होऊ दिला नाही. (2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा निम्मा वाटा होता.) दोन्ही गुण एका रेणूत नांदू शकतात, तर घट्टपणा आणि चपळाई यांतल्या ओढाताणीला अर्थ काय? आक्षेप खरा आहे, आणि ‘दोन्ही एकत्र अशक्यच’ असं कुणी म्हणत असेल तर तो दावा त्याने खोडून निघतो. पण अरनॉल्ड यांनी दोन्ही गुण मुद्दाम पारखून निवडले. अंटार्क्टिक पाण्यात 60 अंशांची परीक्षा कोण घेणार? अमिनो आम्लांतले बहुतेक आकस्मिक बदल घडी कमकुवतच करतात. ती गरजेपुरती टिकली, तर त्या बदलांना अडवणारं कुणी नसतं. शिवाय साध्या विकरांचा घडीचा तोलही मोजक्या हायड्रोजन बंधांएवढ्या ऊर्जेवरच असतो. थंडीतल्या विकरांचा नाजूकपणा म्हणूनच पुष्कळदा वेगाची किंमत नसून निव्वळ दुर्लक्षाचा परिणाम असावा. किंमत किती आणि दुर्लक्ष किती, हे प्रत्येक विकरासाठी वेगळं तपासावं लागतं.

विकर टिकलं, तरी त्याला सामावणारं पेशीचं आवरण उष्णतेत पातळ होतं आणि थंडीत थिजतं. त्याची तजवीज जिवाणू कशी करतात, ते पुढच्या आठवड्यात.