स्पोर्ट्‌स मोटारीतला रस्त्याचा आवाज

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची एक जुनी चिलखती मोटार ठेवली आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात लोक जातात ते रणगाडे पाहायला, त्यामुळे ही मोटार बिचारी बाजूला पडते. तिच्या जातीचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत. १९०७ साली कंपनीने आपल्या एका मोटारीला हे नाव दिलं, कारण ती भुतासारखी चाहूल न देता चालायची. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे चढले. त्या पेटीत बसून खडबडीत रस्त्याने जाणाऱ्या शिपायाला हे भूत कितपत मुकं वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. इंजिन शांत असलं म्हणजे मोटार शांत झाली, असं नाही.

हौसेने स्पोर्ट्‌स मोटार घेणाऱ्याला हीच गोष्ट थोड्या दिवसांत कळते. इंजिनाच्या आवाजासाठी तर त्याने ती घेतलेली असते. त्याची तक्रार नसते. पण नगरहून पुण्याला निघावं, सुपा मागे पडावं, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना ओरडावं लागावं, हे काही त्याने मागितलेलं नसतं. दोनअडीच तासांनी उतरल्यावर डोकं जड होतं, कान भरून येतात. हा बहुतेक आवाज टायरांचा. साधारण पन्नास किलोमीटरच्या पुढे, एकसारख्या वेगाने चाललेल्या मोटारीत इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतो. त्याहून वेग वाढला, शंभराच्या पुढे गेला, की वाराही त्यात सूर मिळवतो.

साध्या मोटारीपेक्षा इथे त्रास अधिक का, ते पाहू. स्पोर्ट्‌स मोटारीचे टायर रुंद, आणि त्यांची बाजूची भिंत बुटकी. म्हणजे रस्ता आणि चाक यांच्यामधली हवेची उशीच पातळ. स्प्रिंगा कडक. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुशसुद्धा कडक, कारण वळणावर मोटार डुलता कामा नये. शिवाय वजन वाचवायचं म्हणून गालिचा पातळ आणि त्याखालचं अस्तर जवळजवळ नाही. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेली दोन आसनांची सॅन स्टॉर्म घ्या. तिचं अंग फायबरग्लासचं होतं. असं अंग पोलादी पत्र्यासारखं टणटणत नाही खरं, पण हलकं असल्यामुळे हवेतून येणारा आवाज अडवायला कमी पडतं. २०१२ च्या दिल्लीतल्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रियांची अवंती आली. तिचं इंजिन आसनांच्या मागेच होतं. तिथे तर आवाजाला पुढूनही वाट आणि मागूनही.

त्यात आपल्या जिल्ह्याचे रस्ते! इथली खडी काळ्या पाषाणाची, टणक. वरचं डांबर झिजलं की तिची टोकं उघडी पडतात आणि टायरखाली घरघर सुरू होते. सिमेंटच्या रस्त्यावर घरघर कमी, पण आडव्या रेघा असल्या तर एक शीळ लागते.

आता मुख्य गोष्ट. आवाज आत येतो तो दोन वाटांनी. एक वाट धातूतून: टायरचा हादरा चाकातून, सस्पेन्शनमधून तळाच्या पत्र्यात शिरतो आणि पत्रा ढोलासारखा वाजतो. दुसरी वाट हवेतून: दाराच्या फटी, वायरींची भोकं, पातळ काच. दोन्ही वाटांचे उपाय वेगळे आहेत. हे न ओळखता लोक बाजारातून फोम आणतात, सगळीकडे चिकटवतात, हजारो रुपये घालवतात आणि म्हणतात, ‘काही फरक नाही पडला बुवा!’

स्वयंपाकघरात पाहा. पितळेचं ताट खाली पडलं की घणघणतं. त्यावर हात टेकवा, गप्प होतं. त्याच ताटाखाली गोधडी असली तरी हात टेकवल्याइतकं ते गप्प होत नाही. हात टेकवणं म्हणजे पत्र्याची थरथर मारणं. त्यासाठी ब्यूटिल रबराची जड, चिकट चादर मिळते. गोधडी म्हणजे खोलीतला आवाज शोषणं. ते काम फोमचं. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

पण चिकटवाचिकटवी करण्याआधी ऐका. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकच वेग ठेवून वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये मोटार चालवून पाहा. आवाज तोच राहिला तर दोष इंजिनाचा नाही. (इंजिन बंद करून उतारावर सोडण्याचा प्रयोग मात्र कृपा करून करू नका, ब्रेकची मदत जाते.) नवा गुळगुळीत रस्ता लागताच आवाज एकदम उतरला तर तो टायरचा. आणि घुमणारा आवाज डाव्या-उजव्या वळणावर कमीजास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग गेलं असण्याचा संभव आहे. असल्या आवाजावर गालिचा अंथरणं म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर उशी ठेवणं. आधी मिस्त्रीकडे जा.

टायर एका बाजूने दातेरी झिजले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीत लिहिली असेल तितकीच भरा. जास्त भरली तर मोटार कडक होते. आवाज कमी व्हावा म्हणून कमी भरली तर टायर तापतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो फुटण्याचं भय असतं. नवे टायर घ्यायचेच असतील तर शांत नक्षीचे पाहा. युरोपात टायरवर आवाजाचा आकडा छापतात. तो मात्र मोटारीबाहेर, रस्त्याकडेला मोजलेला असतो, तुमच्या कानाशी नव्हे.

मग फटी. इथे पैसा सर्वांत कमी आणि लाभ सर्वांत मोठा. चाळीस डेसिबेल अडवणारी भिंत घ्या आणि तिच्यात शेकडा एक इतकीच फट ठेवा. ती जेमतेम वीस डेसिबेल अडवील! म्हणून दारांची रबरी पट्टी आधी तपासा. पट्टीत कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर तिथून वारा येतो आणि आवाजही. वायरी जातात तिथले रबरी बूच फाटलेत का, तेही पाहा. दाराच्या तळाची भोकं मात्र बुजवू नका. ती पाणी जाण्यासाठी आहेत, नाहीतर दार आतून गंजेल.

यानंतर ब्यूटिल. बोटाच्या पेराने पत्रा ठोका. ‘टण’ वाजेल तिथे, पत्र्याच्या मध्यावर, तुकडा लावा. सगळा पत्रा मढवण्याची गरज नाही. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि आसनाखालचा तळ यांना अग्रक्रम द्या. छपराला लावायची डांबरी चादर स्वस्त पडते, पण उन्हात उभ्या मोटारीत ती वास मारते आणि ओघळते. तळावर, गालिच्याखाली, फोमच्या थरावर जड रबरी चटई घातली की हवेची वाट अडते.

किती अपेक्षा धरावी? आवाजाची शक्ती निम्मी केली तरी मीटर तीनच डेसिबेल उतरतो. कानाला निम्मा वाटायला दहा लागतात, आणि तेवढे घरच्या कामातून क्वचितच मिळतात. चारपाच मिळाले तरी शेजाऱ्याशी नीट बोलता येतं. हे साधायला दहावीस किलो वजन वाढतं, आणि स्पोर्ट्‌स मोटारीच्या मालकाला ते बोचतं. दोन्ही हवं म्हणणाऱ्याने टायर आणि फटी यांवरच थांबावं.

काम झालं की तपासा. मोटारींच्या चाचण्यांसाठी नगरच्या वाहन संशोधन संस्थेत वेगळे मार्ग बांधले आहेत, ते अशासाठी की रस्ता बदलला तर निकालही बदलतो. तुम्हीही केडगावपुढचा एकच तुकडा, एकच वेग, बंद काचा आणि बंद पंखा ठेवून आधी आणि नंतर मोजा. फोनवरचा मीटर चालेल. आकडा शेजाऱ्याने वाचावा. असे मीटर बहुधा खर्जातली घरघर कमी धरतात. म्हणून आकडा फारसा उतरला नाही आणि पुण्याला पोचल्यावर डोकं हलकं वाटलं, तर डोक्यावर विश्वास ठेवा.